बुडबुडा मधोमध

निघायच्या दिवशी सकाळी काकूंनी कप धुऊन पालथे घातले, घराला कुलूप लावलं आणि काका गाडीखालून बाहेर यायची वाट बघत पायरीवर बसल्या. काकांचे फक्त पाय दिसत होते.

"अहो, झालं का?"

"एक नट बघतोय."

"काल पण नटच बघत होतात."

"कालचा मागचा होता."

काका कारखान्याच्या देखभाल खात्यातून निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात हे जुनं मोटरहोम अंगणात येऊन उभं राहिलं. आत पलंग, ओटा, बेसिन, कपाटं, सगळं होतं. जिथे जाल तिथे आपलं घर बरोबर, असं काका म्हणाले होते. काकूंना ते एकदम पटलं होतं, कारण त्यांना जायचं एकाच ठिकाणी होतं. त्यांची ताई समुद्राकाठच्या गावात एकटी राहायची. मेहुणे गेल्यापासून तिथे जाऊन चार दिवस निवांत राहावं, एवढंच काकूंच्या मनात होतं.

पण काकांचा कारखान्यातला एक नियम होता आणि तो त्यांनी घरी येताना बरोबर आणला होता. दोष माहीत असताना गाडी रस्त्यावर काढायची नाही. आणि दोष शोधण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. आधी ओटा तिरका निघाला. त्यांनी पाणसळ ठेवून बघितली, तर काचेच्या नळीतला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. ओटा उखडून नवा बसवला. मग कपाटं तिरकी निघाली, मग पलंग. शेवटी जमीनच तिरकी निघाली. "कंपनीने गाडी विकली की चेष्टा केली," असं म्हणत काकांनी आतली सगळी फरशी काढून नवी लाकडी जमीन घातली. आता कुठेही पाणसळ ठेवा, बुडबुडा मधोमध. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बुडबुडा दाखवायचे, जसं कोणी नातवाचा फोटो दाखवावा.

या सगळ्यात दोन वर्षं गेली. ताई आधी दर फोनला "कधी येताय?" विचारायची. मग "येताय का?" विचारायला लागली. हल्ली ती काही विचारतच नव्हती, आपली हवापाण्याचं बोलून फोन ठेवायची. काकूंना तेच जास्त लागलं होतं. त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली आणि जाता-येता काकांच्या पायात येईल अशा बेताने तिथेच राहू दिली. अखेर काका म्हणाले, "ठीक आहे, निघू."

आणि निघाले. गाडी फाटकातून बाहेर पडली, सपाट हमरस्त्याला लागली. काकूंना वाटलं, आता मागे वळून बघायचं नाही.

पेट्रोल पंपावर काका डिझेल भरायला उतरले तेव्हा काकू पाण्याची बाटली घ्यायला मागे गेल्या आणि जागच्या जागी थबकल्या. डाव्या भिंतीवरची कपाटं सताड उघडी होती. ओट्यावरच्या टोपलीतली संत्री उजव्या कोपऱ्यात गोळा झाली होती, वर्गातून बाहेर काढलेल्या पोरांसारखी. बेसिनमधलं पाणी भोक सोडून भलत्याच बाजूला साचलं होतं. एक संत्रं उचलून त्यांनी ओट्यावर डावीकडे ठेवलं. ते शांतपणे उजवीकडे निघून गेलं.

काकूंच्या डोळ्यांपुढे आपलं अंगण आलं. भांडी घासलेलं पाणी अंगणात फेकलं की ते आपसूक डावीकडच्या लिंबाच्या झाडाकडे जायचं. म्हणून तर झाडाला कधी वेगळं पाणी घालावं लागलं नव्हतं. त्या उताराचा फायदा त्या संसारभर घेत आल्या होत्या. काकांनी पाणसळ ओट्यावर ठेवली, पलंगावर ठेवली, कपाटात ठेवली, फक्त चाकांखालच्या जमिनीवर तेवढी ठेवली नव्हती. कंपनीची सरळ गाडी त्यांनी दोन वर्षं खपून अंगणाच्या मापाने बेतली होती. आता ती जगात एकाच ठिकाणी सपाट होती, आणि ते ठिकाण काकू नुकत्याच कुलूप लावून सोडून आल्या होत्या.

"मिळाली का बाटली?" काकांनी बाहेरून विचारलं.

"मिळाली," काकू म्हणाल्या.

सांगावं, तर गाडी इथूनच माघारी वळणार. पुन्हा ओटा, पुन्हा कपाटं, पुन्हा दोन वर्षं. ताई तोवर हवापाण्याचंही बोलेनाशी होईल. काकूंनी पिशवीतून परकराच्या दोन नाड्या काढल्या आणि कपाटांच्या मुठी एकमेकींना आवळून बांधल्या. संत्री उशीच्या अभ्र्यात कोंबली. मग हत्यारांच्या पेटीतून पाणसळ काढली, स्वेटरांच्या पिशवीत अगदी तळाशी घातली आणि पुढे येऊन बसल्या.

"एवढा वेळ काय करत होतीस?"

"आवरत होते."

"सगळं नीट आहे ना?"

"तुम्ही केलंय म्हटल्यावर काय बघायचं," काकू म्हणाल्या. काका खूश झाले.

संध्याकाळी मुक्कामाला त्यांनी अशा गाड्यांसाठीच्या एका तळावर गाडी लावली. काकांनी हौसेने स्वतः चहा टाकला. चहा पातेल्यात एका बाजूला काठोकाठ आणि दुसऱ्या बाजूला बुडाशी, असा उकळला. कपात ओतून ते मान वळवतात तोवर कप ओट्याच्या टोकाला निघाला होता. काकूंनी तो हवेतच पकडला.

"जागा तिरकी आहे," काका म्हणाले.

"असेल."

त्यांनी गाडी हलवली. कप पुन्हा निघाला. आणखी एकदा हलवली. तिसऱ्यांदा गाडी मागे-पुढे व्हायला लागली तेव्हा तळ सांभाळणारी बाई हातातलं काम टाकून आली.

"काय हवंय काका तुम्हाला?"

"जरा सपाट जागा द्या हो. ही सगळी उतरती आहे."

"उतरती?" बाईने समोरच्या डबक्याकडे बोट केलं. "मागच्या पावसाचं पाणी आहे ते. जायला वाटच नाही त्याला. सपाटीपायी डासांनी जीव खाल्लाय आमचा, आणि तुम्ही उतरती म्हणताय?"

"पाणसळ लावून दाखवतो तुम्हाला," काका तरातरा गाडीत चढले. आतून पेट्या उघडल्याचे, ओढल्याचे आवाज आले. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग काका स्वेटर घालून बाहेर आले.

"मिळाली?" बाईने विचारलं.

"घरी राहिली वाटतं." काका डबक्याकडे बघत होते. "राहू दे. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. आणि जागा काही इतकी वाईट नाहीये."

काकूंना त्यांच्या या समजूतदारपणाचं नवल वाटायला हवं होतं. पण सुटल्याच्या आनंदात तेवढं राहून गेलं.

झोपायला पलंगावर पाठ टेकली आणि त्या उजवीकडे घरंगळत जाऊन भिंतीला चिकटल्या. काका उशाशी उभे राहून बघत होते.

"तू जरा तोंड धुऊन ये," ते म्हणाले. "गादी गोळा झालेली दिसतेय, सारखी करतो."

काकू तोंड धुऊन आल्या. नंतर त्यांना अशी काही गाढ झोप लागली की सकाळी काकांनी हलवून उठवलं. माणसाला कशाचीही सवय होते, असं त्यांना वाटलं.

दुपारच्या आत ते ताईकडे पोचले. घर उतारावर होतं आणि अंगणही तसंच समुद्राकडे कललेलं. काकांनी गाडी आत घेतली आणि लावली नेमकी उलटी. अंगणाचा उतार आणि गाडीतला उतार एक झाले. नाड्या तुटल्या, कपाटं उघडली, डबे खाली आले आणि अभ्र्यातून सुटलेली संत्री दारातून एकेक करत बाहेर पडून ताईच्या पायाशी गेली. ताई पायरी उतरून गाडीचं दार उघडायला आली होती. तिने एक संत्रं उचललं.

"दोन वर्षांनी आलात ते संत्री विकायला?"

"ताई, थांब जरा." काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "अहो, गाडीचं तोंड फिरवा. दार घराकडे आलं तर ताईला चढायला बरं पडेल."

काकांनी का म्हणून विचारलं नाही. तोंड फिरवलं. आत सगळं एकदम निमूट झालं. काकूंनी ओट्यावर संत्रं ठेवून बघितलं. ते बसून राहिलं.

ताईने बहिणीला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "वाळलीस," म्हणाली, आणि मग "मला वाटलं, आता तुम्ही येत नाही." त्यावर दोघी हवापाण्याचं काही बोलल्या नाहीत.

जेवण झाल्यावर काकू जरा पडायला म्हणून गाडीत आल्या. आता गाडी सरळ, पलंग सरळ, सुखाने डोळा लागायला हरकत नव्हती. त्या आडव्या झाल्या आणि या वेळी डावीकडे घरंगळल्या. काठाला धरलं म्हणून जमिनीवर पडल्या नाहीत. उठून त्यांनी गादी दाबून बघितली. भिंतीकडची बाजू उंच लागत होती. गादी उचलली.

खाली, त्यांच्या झोपायच्या बाजूला, काकांच्या हातरुमालात गुंडाळलेली पाणसळ उभ्या कडेवर नीट ठेवली होती.

काकूंनी ती बाहेर काढली. मग पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि बाहेर आल्या. काका पायरीवर बसून ताईशी बोलत होते.

"इथे थोडं काम काढणार आहे मी, ताई. ओटा, कपाटं, पलंग, खालची जमीन, सगळं उतरवून परत बसवायचंय. वेळ लागेल. चालेल ना?"

"मला न चालायला काय झालं? तुम्हालाच घाई असेल जायची."

"घरी जाऊन केलं तर?" काकूंनी विचारलं.

"छे." काकांनी मान हलवली. "दोष माहीत असताना गाडी रस्त्यावर काढायची नाही."

काकूंनी पाणसळ त्यांच्यापुढे धरली. "ही सापडली."

"बघ, मी घरी ठेवणार नाही हे मला माहीत होतं," काका म्हणाले आणि ती घेऊन उठले.

"अहो," काकू म्हणाल्या, "या वेळी आधी चाकांखाली."

"तेच करतोय," काका म्हणाले आणि गाडीखाली शिरले. बाहेर त्यांचे फक्त पाय दिसत होते. काकूंनी दोन संत्री सोलायला घेतली आणि ताईला म्हणाल्या, "बस गं. आता बरेच दिवस काही निघत नाहीत ते."