मामांच्या गुडघ्याची लाइन

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी खिशातून टेस्टर काढतात. समोरच्या बोर्डाला टेकवतात, आतला दिवा लागला की मान हलवतात आणि यजमानांना सांगतात, "न्यूट्रलला करंट येतोय तुमच्या. अर्थिंग बघून घ्या." मग पाणी पितात. माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यात, ऐन मे महिन्यात, पेढे वाटायच्या वेळी सगळे पंखे बंद पडले. मुलाकडची मंडळी घामाघूम. शोधाशोध केली तेव्हा कळलं की मामांनी मेन स्विच पाडून ठेवला होता. "तपासणी चालू हाय," असं त्यांनी मुलाच्या वडिलांना शांतपणे सांगितलं. लग्न झालं, हे मुलाच्या वडिलांचं मोठेपण.

मामा मूळचे कुंडलचे. वीज मंडळात वायरमन होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी पाटणच्या डोंगरातल्या खांबांवर काढली. मामी गेल्या तेव्हा सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना सांगलीला आणलं. ती एकुलती लेक. तेव्हापासून आमच्या घरातला फ्रिज, मिक्सर आणि मी अशा तिघांवर त्यांची देखरेख असते. पाच वर्षं एका छपराखाली राहून मी अजून त्यांचा "पाव्हणं"च आहे. "पाव्हणं, गीझर बंद केला का? पाव्हणं, चार्जर तसाच लोंबतोय." मी शाळेत मराठी शिकवतो. दिवसभर पोरं ऐकत नाहीत, घरी आल्यावर मी ऐकतो.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्यानं मान टाकली. 'दुखतंय' हा शब्द मामांना येत नाही. "आज फेज लय जोरात हाय," असं ते म्हणत. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मामा जिना उलटे उतरू लागले. तोंड भिंतीकडे, दोन्ही हात कठड्याला. "खांबावरनं असंच उतरत्यात," असं त्यांचं म्हणणं. खालून भाजीची पिशवी घेऊन चढणाऱ्या शेजारणीला एका वळणावर अचानक मामांची पाठ सामोरी यायची आणि वरून आवाज, "बाजू द्या, माणूस लाइनवर हाय!"

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली गादी झिजली आहे, सांधा बदला. मामा ताडकन उठले, म्हणजे उठायला गेले. "कंपनीचा पार्ट काढून लोकल घालायचा न्हाई." पुढची दोन वर्षं तेल, पट्टा, शेक आणि माझं डोकं, या चारांवर त्यांचा गुडघा चालला. उपाय करायचा नाही आणि तक्रार थांबवायची नाही, असा त्यांचा बाणा. एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, एक तर डॉक्टरांचं तरी ऐका, नाही तर गप्प तरी बसा." त्यावर ते म्हणाले, "पाव्हणं, तुमचा व्होल्टेज वाढलाय."

शेवटी सुनंदानंच मिरजेच्या एका डॉक्टरांचं नाव काढलं. वेदनेवर उपचार करणाऱ्या, वयानं तरुण. त्यांनी चित्र काढून समजावलं. गुडघ्यातली वेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या बारीक नसा असतात. त्यांच्याजवळ सुई नेऊन रेडिओलहरींनी सुईचं टोक तापवायचं, म्हणजे ती नस निरोप पोहोचवेनाशी होते. झिजलेला सांधा मात्र तसाच राहतो.

मामा पुढं सरकले. "म्हंजे बिघाड हाय तिथंच. तुमी फकस्त घंटीची वायर सोडवणार."

"हो, तसंच म्हणा."

"आन् वायर परत जुळंल?"

"जुळू शकते. कुणाची वर्षभरात, कुणाची आधी, कुणाची उशिरा. दुखायला लागलं तर पुन्हा करता येतं."

"वर्ष," मामा पुटपुटले. "वर्ष बास झालं."

मला वाटलं, सुटलो. पण मामांची मुलाखत आता कुठं सुरू झाली होती. "अर्थिंग कुठं घेता?" डॉक्टर म्हणाल्या, मांडीला एक पट्टी चिकटवतो, करंट तिकडून परत जातो. मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शिकलेलं माणूस भेटलं होतं. "नस बरोबर सापडली का ते कसं बघता?" आधी अगदी हलका करंट देतो, डॉक्टर म्हणाल्या, पन्नास हर्ट्झचा.

"पन्नास!" मामा ओरडले. "आवं, ही तर आमचीच की! घरात येती ती!"

बाहेर बसलेल्या झाडून सगळ्या पेशंटना त्यांनी ही बातमी दिली. त्यात एक कान दुखणाऱ्या आजी होत्या. त्या चुकून या मजल्यावर आल्या होत्या. त्यांनाही दिली.

आधी चाचणी होती. त्या नसांजवळ बधिर करणारं इंजेक्शन द्यायचं आणि काही तास दुखणं थांबतं का ते बघायचं. थांबलं, तर पुढचा उपचार. दर तासाला किती दुखतंय, शून्य ते दहा, हे लिहायला एक कागद मिळाला. इंजेक्शन घेऊन मामा बाहेर आले, चार पावलं चालले आणि म्हणाले, "स्टेशनला चला. लोड टाकून बघायचा." मिरज जंक्शनचा पादचारी पूल त्यांनी मला तीनदा चढायला लावला. तिसऱ्या वेळी मी मधल्या पायरीवर बसलो आणि माझ्याच गुडघ्याला हात लावला. मामा वरून ओरडत होते, "पाव्हणं, लिवा! शून्य!"

पुढच्या आठवड्यात खरा उपचार झाला. मी दाराबाहेर होतो, पण आवाज आत राहील असे मामा नाहीत. डॉक्टर म्हणत होत्या, "मामा, मुंग्या आल्या की सांगा." आतून आवाज आला, "आला! आला! लोड आला!" मग सिस्टरचा आवाज, "आजोबा, टेस्टर खिशात ठेवा हो."

पहिले दहा दिवस आगीत गेले. सुईची जागा ठणकत होती. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. पण मामांनी सगळा ठपका माझ्यावर ठेवला. "तुमी नेलं. मी बरा हुतो." मी गरम पाण्याची पिशवी भरत होतो आणि दात आवळत होतो. तिसरा आठवडा संपताना एका सकाळी मी दूध घेऊन वर येत होतो, तर मामा जिन्यावरून समोर तोंड करून खाली येत होते. कठड्याला हात नाही. मागं सुनंदा दारात उभी होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

मामा माझ्यापाशी थांबले. "पाव्हणं, येत्या रविवारी गाडी काढा. पाटणला जायचं."

"कशाला?"

"काम हाय."

माझ्याकडे तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. मी नाही म्हणालो. शनिवारपर्यंत सहा वेळा नाही म्हणालो. रविवारी सकाळी आम्ही कराड ओलांडून पाटणच्या रस्त्याला लागलो होतो.

पाटणच्या पुढं कच्चा रस्ता लागला, मग तोही संपला. वर डोंगरात एक वाडी होती आणि जायला पायवाट. मी म्हणालो, "मामा, डॉक्टरांनी चढू नका सांगितलंय."

"चढू नका न्हाई म्हणाल्या. उकिडवं बसू नका म्हणाल्या." आणि पिशवी खांद्याला लावून पुढं निघालेसुद्धा. वाटेतला एकेक खांब त्यांनी मला ओळख करून दिल्यासारखा दाखवला. हा अमक्या साली वादळात पडलेला, ह्याच्यावर माकड बसायचं. मला दम लागला होता आणि रागही आला होता.

वाडीच्या टोकाच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. कपाळावर हात धरून बघत राहिली. मग ओरडली, "आवं, वायरमन आलं!"

आत बाजेवर एक माणूस पडून होता. एक बाजू लुळी, दाढी छातीपर्यंत. हा सखाराम. मामांचा हेल्पर. मामा खांबावर आणि हा खाली दोर धरून, अशी वीस वर्षं काढली दोघांनी. कान त्याचे कधीच गेलेले. वाडीत मोबाइलला रेंज नाही.

म्हातारीनं मला चहा दिला आणि हळूच सांगितलं, "म्हैन्याला येत हुतं वायरमन. ह्यांची दाढी करून जायाचं. मग याचं थांबलं. गुडघा गेला म्हणून आमी खुणा करून लय सांगितलं. ह्यांना पटंना. ह्यांनी मनात धरलं, वायरमन वारला. दुसऱ्या कुणाला दाढीला हात लावू देईनात."

गुडघा जाईपर्यंत मामा महिन्यातून एकदा कुंडलला शेत बघायला जायचे, असं आम्ही समजत होतो.

"मामा, एकदा बोलला असता तर?" मी विचारलं. "मी आलो असतो."

"म्हणूनच न्हाई सांगितलं. माझ्या जागी तुमी आला असता. तुमाला बघून त्याला काय कळणार?"

त्यांनी पिशवीतून वस्तरा, साबण, वाटी काढली. बाजेशेजारी गोधडीची घडी टाकली आणि त्यावर दोन्ही गुडघे टेकून बसले. सखारामचा चांगला हात वर आला, मामांच्या गालावरून, नाकावरून, कानावरून फिरला. मग त्यानं मामांच्या शर्टाची बाही मुठीत धरली आणि सोडलीच नाही. मामा तशाच अडकलेल्या हातानं साबण लावू लागले.

वस्तऱ्याचा खरखर आवाज तेवढा येत होता.

वाटीतलं पाणी गार झालं. मी उठलो, चुलीवरचं गरम पाणी ओतून आणलं आणि त्यांच्याजवळ ठेवलं. मामांनी वर पाहिलंही नाही.