पिवळ्या कार्डाचं वाक्य

आमच्या गावात इंग्रजी रेशनवर मिळतं, कार्डामागं महिन्याला एक वाक्य. गहू-तांदूळ मापून झाले की दुकानदार अंबादास मशीनवर अंगठा लावायला सांगतो आणि वाक्य पाठ होईस्तोवर म्हणवून घेतो. मग ते आपलं. दुसऱ्याचं वाक्य बोलताना सापडलं की कार्ड बंद.

माझी शाळा चौथीत सुटली, पण इंग्रजी मी एकदाही चुकवलेलं नाही. माझी नात तन्वी लंडनला असते, तिला मराठी येत नाही. आमच्या म्हाताऱ्याला तिला एकदा समोर बसवून बघायचंय. बोलून दाखवत नाहीत. वरून विमान गेलं की जेवता जेवता हात थांबतो, एवढंच.

मला पाहिजे होतं ते वाक्य साधंच होतं. तू कधी येणार?

"प्रश्न पांढऱ्या कार्डाला," अंबादास म्हणाला. "पिवळ्याला नुसती माहिती."

"आणि केशरीला?"

"केशरीला विनंती करता येते."

"आणि आम्ही काय, नुसतं सांगत बसायचं?"

"आजी, मागं लोक उभे आहेत. गेल्या महिन्याचं वापरलं का?"

गेल्या महिन्याचं होतं, गाईला चार पाय असतात. ते मी तन्वीला फोनवर सांगितलं होतं. ती ओके म्हणाली होती.

"वापरलं," मी म्हणलं. "पण गाय काही आली नाही."

अंबादास हसला नाही. त्याला हसायचा कोटा येत नसावा. त्यानं पोत्यामागून नवीन वाक्य काढलं. द ओल्ड मॅन फेल इंटू द वेल. म्हणजे म्हातारा विहिरीत पडला.

मला ते बघताक्षणी आवडलं.

घरी येऊन फोन लावला आणि घडाघडा म्हणून टाकलं. तन्वी या वेळी ओके म्हणाली नाही. लई बोलली. तिकडं रेशन नाही, पोरं पाहिजे तेवढं बोलतात. मी फोन ठेवला आणि तोंडाला पदर लावून हसले.

तासाभरात तन्वीच्या बापाचा, माझ्या सुधाकरचा, फोन आला. "आई, बाबा विहिरीत पडले?"

"हे काय, शेंगा फोडत बसलेत. बोल त्यांच्याशी."

म्हाताऱ्यानं फोन घेतला. "मी वरच आहे रे."

"पण बाबा, आईनं इंग्रजीत सांगितलंय."

"मी मराठीत सांगतोय ना, नाही पडलो."

"मराठीत म्हणायला काय जातंय. मी इथं रजेचा अर्ज दिलाय. कारण, वडील विहिरीत. आता माझी किती अडचण होईल?"

म्हाताऱ्यानं हातातली शेंग खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "रजा मिळाली तर तन्वी येईल?"

"अर्जात तिचंही नाव आहे. बघतात म्हणालेत."

म्हाताऱ्यानं फोन माझ्या हातात दिला, मांडीवरची टरफलं झटकली आणि विहिरीकडं निघाले.

"अहो, मी चेष्टा केली," मी म्हणलं.

"मला माहीत आहे. बाजलं खाली सोड. घोंगडी पण दे."

विहिरीला पाणी घोट्याएवढंच. बाजेखाली विटा घातल्या, तशी सोय झाली. मी भाकरी पाटीतून सोडते, ते रिकामी पाटी हलवून ओढ म्हणतात. गावातले लोक कठड्यावरून रामराम करतात. त्यांनी वर यावं असं कुणी म्हणत नाही. अर्ज गेलाय हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढच्या महिन्याला मी अंबादासला म्हणलं, "काहीतरी कामाचं दे रे बाबा."

"आलंय ते देतो," तो म्हणाला. आलं होतं, आंबे पिकले आहेत.

मी विहिरीच्या काठावर बसून फोन लावला, म्हणजे त्यांनाही ऐकू जावं. तन्वीनं उचलला. द मँगोज आर राइप, मी म्हणलं, जमेल तेवढ्या काकुळतीनं.

"नाइस," ती म्हणाली. मग तिला कुणीतरी हाक मारली.

खालून आवाज आला, "काय म्हणाली गं?"

"नाइस म्हणाली."

"म्हणजे काय?"

"म्हणजे छान."

खाली बराच वेळ बाज करकरत होती. मग ते म्हणाले, "छान म्हणाली म्हणजे मनात आलं असंल तिच्या. उद्यापासून भाकरी जरा मऊ कर, पोरीला कडक चावायची नाही."