बाबगोंडाअण्णांचं नाक

बाबगोंडाअण्णांकडे कुणी फाटकी बॅग घेऊन आलं, की ते ती कुठं फाटली आहे हे आधी बघत नसत, आणि आणणाऱ्याचं तोंड तर नाहीच नाही. बॅग उघडायची, डोळे मिटायचे आणि आत नाक खुपसायचं. चांगलं कपाळापर्यंत डोकं आत जायचं. मग विहिरीतून यावा तसा आवाज यायचा, "सुपारी. कापूर. आन् पोटदुखीचं कायतरी औषध. चुकलं का सांगा."

चुकलेलं मी कधी ऐकलं नाही.

नाकाचं कारण साधं होतं. अण्णांनी निपाणीत तंबाखूच्या वखारीत उमेदीची सगळी वर्षं घालवली. तंबाखूचं पान हुंगून ते कुठल्या रानातलं, त्यावर अवकाळी पडलाय का, हे सांगणं त्यांचं काम. पुढं वखार सुटली. नाक कुठं सुटतंय? त्यांनी ते बायकांच्या हँडबॅगांत घातलं.

मी त्यांचा शेजारी. सांबऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या भावकीत बी. ए. झालेला पहिला मीच. हे मी स्वतः सांगतो, कारण निपाणीत ते सांगायला दुसरं कोण होतं? शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि अण्णांच्या घराला लागून एक खोली घेतली. कॉलेजात असताना बेळगावच्या कॅम्पात जुन्या बाजारातून घेतलेली चामड्याची बॅग माझ्याकडे होती. तिचा पट्टा तुटला म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. माझं नाव सांगून, पुढं पदवी सांगायला तोंड उघडलं, तोवर अण्णा बॅगेत गेलेले.

"शेंगदाणं," आतून आवाज आला. "गूळ. जोंधळ्याची भाकरी. लसणाची चटणी, लई झणझणीत. मास्तर, ह्या बॅगंत पुस्तक कवा गेलतं का न्हाय?"

मला राग आला. "बी. ए. झालोय मी, अण्णा."

"व्हय की. आईच्या भाकरीवर झालायसा. त्येच तर म्हणतोय मी."

कॉलेजची चार वर्षं दर आठवड्याला सांबऱ्याहून दूधवाल्याच्या हाती आई गाठोडं पाठवायची, ही गोष्ट मी निपाणीत कुणालाच सांगितली नव्हती.

आता गंमत बघा. अण्णा जैन. कांदा-बटाटा वर्ज्य, पाणी गाळून, जेवण सूर्य मावळायच्या आत. मुंगी दिसली तर चालता चालता लंगडी घालणारा माणूस. आणि हा माणूस परसातल्या छपरीत दिवसभर चामडं मांडीवर घेऊन बसायचा! पेठेतले लोक टोमणे मारायचे, "काय अण्णा, धर्म बदलला का धंदा?" अण्णांचं उत्तर ठरलेलं, "जनावर एकदा मेलंय. पुन्ना कशाला मारायचं?"

त्यांचा हिशेब असा, की एक जुनी बॅग सावरली की एक नवी घ्यावी लागत नाही, म्हणजे कुठंतरी एक वासरू वाचलं. म्हणून नवं कातडं ते घरात येऊ देत नसत. ठिगळ लावायचं तेही जुन्याचंच. लढाई चालू होती, सगळं कातडं पलटणीच्या बुटांना जायचं, त्यामुळं अण्णांकडे रीघ. एका वकिलीणबाईंच्या नाजूक पर्सला त्यांनी कॅम्पातल्या घोड्याच्या खोगिराचं ठिगळ लावून दिलं. बाई लग्नाला गेल्या की टांग्याची घोडी पर्सकडे मान वळवून बघतात, असं पेठेत सगळे म्हणायचे. मी स्वतः एकदाच बघितलं.

चिकटवायला सरस नाही, कारण सरस हाडकातड्याचा. अण्णा चिंचोके भिजवून, वाटून त्याची खळ शिजवायचे. मऊ करायला चरबी नाही, एरंडेल. दिवा लावून काम नाही, किडा जळेल. दोऱ्याला मेण नाही, मधमाशी काय म्हणेल? राळ. असल्या सगळ्या अटी पाळून बॅग तयार व्हायला महिना लागायचा, पण झालेली बॅग हातात घेतली की मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटायचं.

घरात त्यांची थोरली बहीण, आक्का. अण्णांची बायको लवकर गेली, तेव्हापासून घर आक्काच चालवायच्या. त्यांनी छपरी आणि घर यांच्यामध्ये चुन्याची एक रेघ मारली होती. संध्याकाळी अण्णा रेघेपाशी आले की आक्का आतून ओरडायच्या, "आंगुळ केल्याबिगर पाय टाकशील तर बग, बाबगोंडा!" साठीचा बाबगोंडा विहिरीकडे वळायचा.

त्या छपरीत एक बॅग होती, तिच्याबद्दल मला फार कुतूहल होतं. खुंटीला, पंच्यात गुंडाळलेली. एकदा वाऱ्यानं पंचा सरकला तेव्हा दिसली. लहान, बदामी रंगाची, पितळी कडी अजून चकचकीत. टाका नाही, ठिगळ नाही. नवी कोरी! मी विचारलं, "अण्णा, हिचा वास सांगा की."

"ती न्हाय," अण्णा म्हणाले आणि पंचा नीट केला. दोनच शब्द. एरवी हा माणूस एका तपकिरीच्या डागावर तासभर बोलायचा.

मग ते मला आक्कांकडून कळलं. अण्णांना एकच मुलगी, पद्मा. हुशार. बेळगावला जाऊन मास्तरणीचं ट्रेनिंग पास झाली. आनंदाच्या भरात अण्णा बेळगावला गेले आणि तिला शाळेत न्यायला नवी हँडबॅग घेऊन आले. तिनं ती हातात घेतली, उलटी केली, परत खाली ठेवली. म्हणाली, "आप्पा, ह्येच्यासाठी मुद्दाम मारलं असंल की ओ वासरू."

"ह्यो इतका नाकाचा माणूस," आक्का म्हणाल्या, "आन् बॅग घेताना हुंगली न्हाई बगा."

पद्मा शाळेत गेलीच नाही. दोन वर्षांनी तिनं दीक्षा घेतली. पांढरं लुगडं, वाटेतले जीव अलगद बाजूला सारायला मोरपिसांचा कुंचा, म्हणजे पिंची, आणि पाण्याचा कमंडलू. बाकी काही जवळ ठेवायचं नाही. गावोगाव पायी फिरणाऱ्या त्या आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, झाल्या. लोक त्यांना अम्मा म्हणू लागले, आणि अण्णांनाही आता आपल्या मुलीला अम्माच म्हणावं लागणार होतं.

त्या उन्हाळ्यात अम्मा निपाणीला येणार असं कळलं. तीन दिवस मुक्काम. त्यांचा आहार दिवसातून एकदाच, तोही कुणाच्या तरी घरी. बस्तीच्या, म्हणजे त्यांच्या देवळाच्या, उपाध्यांनी अण्णांना बोलावून सांगितलं, "आहाराला बोलवायला दारात उभं ऱ्हायचं आसंल तर घरात चामड्याचा तुकडा नगो. हातालाबी नगो."

दुपारी अण्णा माझ्या दारात. डोक्यावर, खांद्यावर, काखेत बॅगा.

"मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हास्नी इटाळ न्हाय."

पदवीचा असा उपयोग होईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. एकवीस बॅगा माझ्या खोलीत आल्या. एकवीस बायकांच्या अत्तरात, औषधात आणि सुपारीत मी तीन रात्री झोपलो. बदामी बॅग वेगळी, ती अण्णांनी स्वतः माझ्या खुंटीला अडकवली.

आता यात एक मेख असते. अम्मा सकाळी बस्तीतून निघताना मनात एक खूण धरतात, अमुक दिसलं तरच त्या दारी थांबायचं. ती खूण कुणाला सांगत नाहीत. नाही दिसली तर उपास. म्हणून घरोघर लोक अंदाजानं काहीबाही हातात घेऊन उभे राहतात.

पहिल्या दिवशी अण्णा कलश आणि नारळ घेऊन उभे. पांढरंशुभ्र धोतर, हात घासघासून लाल. मी समोरच्या कट्ट्यावर. अम्मा आल्या, नजर जमिनीवर. अण्णा म्हणाले, "अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ." म्हणजे, इथंच थांबावं. अम्मा पुढं गेल्या. चौथ्या घरी दोन आंबे होते, तिथं थांबल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दोन आंबे धरले. अम्मा पुढं गेल्या, आणि त्या दिवशी कुठंच थांबल्या नाहीत. अण्णांनीही अन्न घेतलं नाही.

तिसऱ्या सकाळी मी चहा करत होतो, तर दवाखान्यातल्या नर्सबाई धापा टाकत खोलीत आल्या. त्यांची बॅग त्या एकवीसमध्ये होती, तळ उसवलेली. "सदलग्याला बाई अडली आहे, मास्तर. टांगा उभा आहे. फडक्यात बांधल्या तर बाटल्या फुटतात, मागच्या खेपेला फुटल्या."

कुंपणापलीकडे अण्णा आंघोळ करून, सोवळ्यात, फुलांची माळ घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी खुंटीकडे बोट दाखवलं. "अण्णा, तुम्ही शिवू नका. ही नवी द्या की त्यांना."

"ती न्हाय."

माळ तुळशीवर टाकून ते माझ्या खोलीत आले, मांडी घातली आणि बॅगांबरोबर आलेला भोकं पाडायचा टोचा मागितला. पलीकडून आक्कांचा आवाज, "बाबगोंडा! शेवटचा दिस हाय रं! वाजंत्री निघाली!"

"आलो गं," म्हणत ते टाका घालत राहिले. घाईचा टाका नाही, प्रत्येक दुहेरी. शेवटची गाठ मारून बॅग नर्सबाईंच्या हातात दिली आणि म्हातारा विहिरीकडे पळाला. वाजंत्री कोपऱ्यावर आली तेव्हा ते डोक्यावर घागर ओतत होते. ओलं नेसूनच दारात आले. कलश नाही, नारळ नाही, माळ नाही. नुसते जोडलेले हात, कोपरांवरून पाणी गळतंय.

अम्मा थांबल्या.

खूण कोणती होती, ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. मी माझ्या परीनं बरेच तर्क केले, पण ते पदवीच्या अभ्यासात नव्हतं. मी सोवळ्यात नव्हतो, त्यामुळं आत जाऊ शकत नव्हतो. दारातून एवढंच दिसलं, की अम्मा बसून ओंजळ पुढं करत होत्या आणि अण्णा त्यात घास ठेवत होते, पाणी ओतत होते. दोघांपैकी कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

दुपारी अम्मा चिकोडीच्या वाटेला लागल्या. अण्णा बॅगा न्यायला माझ्याकडे आले आणि नुसतेच बसले. माझी जीभ खाजवत होती. "अण्णा, इतक्या जवळ बसला होतात. वास?"

"बारकी व्हती तवा शाईचा यायचा. आन् खोबरेलाचा. आज कायबी न्हाय. उकळून गार केलेलं पाणी आसतंय न्हवं, तसं."

"वाईट वाटलं?"

"वाईट कशाचं? तेवढ्यासाठीच तर गेली ती."

मग उठले, बदामी बॅग काढली, उघडली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यात नाक घातलं. बराच वेळ बाहेर आले नाहीत. "हिलाबी कुणाचाच न्हाय," आतून म्हणाले.

ऊन कलताना नर्सबाई परतल्या. मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप. अण्णांचे टाके शाबूत होते, पण टाक्यांच्या कडेचं कुजकं चामडं सुटलं होतं. "आता हिच्यात काही राम नाही, अण्णा," त्या म्हणाल्या.

अण्णांनी बदामी बॅग पुढं केली.

"अहो, नवी कोरी आहे! आयोडीन सांडेल, डाग पडतील."

"सांडू द्या. कुणाचा तरी वास लागू द्या तिला. जनावर एकदा मेलंय, बाई. मीच त्येला खुंटीला टांगून ठेवलंतं."

पलीकडून आक्का ओरडल्या, सूर्य बुडायला आला. अण्णा आंघोळीला विहिरीकडे वळले.