आप्पांची बोट आणि माझं शेड

माझा ट्रॅक्टर अख्खा पावसाळा उघड्यावर भिजतो आणि माझ्याच पत्र्याच्या शेडमध्ये शेजाऱ्याची बोट सुखानं पालथी पडलेली असते. हे मी कुणाला सांगायला गेलो, तर आधी माझ्याकडेच संशयानं बघतात. निमोण्यासारख्या खेड्यात बोट? तीही शिडाची? पण आहे. दरवर्षी वैशाखात घोड धरणाच्या फुगवट्याचं पाणी मागं सरलं, की विठ्ठलआप्पा माझ्या दारात येऊन उभे राहतात आणि हुकूम सोडतात, "कंट्रोलर, ट्रॅक्टर काढा. म्हातारी वर घ्यायचीय."

म्हातारी म्हणजे बोट. घरातल्या म्हातारीला ते नुसतं "आगं" म्हणतात. आणि कंट्रोलर म्हणजे मी. शिरूरच्या एसटी स्टँडवर मी सत्तावीस वर्षं कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठं लागायची ते मी सांगायचो आणि ड्रायव्हर निमूट ऐकायचे. आता माझ्या स्वतःच्या शेडमध्ये काय लागायचं, ते आप्पा सांगतात.

आप्पांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत गेली. काम एकच, कोरड्यावर घेतलेल्या जहाजांचे तळ खरवडायचे आणि रंगवायचे. तीस वर्षं त्यांनी जहाजं फक्त खालून पाहिली. निवृत्त झाल्यावर माणूस पितळेचं पिंप आणतो, गेलाबाजार एखादा पंखा आणतो. हे कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली लाकडी बोट कांद्याच्या परतीच्या ट्रकमध्ये घालून घेऊन आले. तेव्हापासून माझ्या नशिबी ही म्हातारी आहे.

बोट वर आली की सकाळी सहाला पहिला आवाज येतो, खर्र. तळाला वाळून बसलेलं शेवाळ आप्पा पत्र्यानं खरवडत असतात. हे आठ दिवस. मग पॉलिश पेपर. त्याची धूळ उडून आमच्या हिच्या कुरडयांवर बसते, आणि एका वर्षी आम्ही निळसर कुरडया खाल्ल्या. मग भेगांत पुट्टी भरायची, मग परत पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. दोन हातांच्या मध्ये शेडमध्ये कुणी झाडू मारायचा नाही, वैरण झाडायची नाही. मी एकदा शिंकलो तर आप्पांनी ब्रश खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, की मी माझ्याच शेडमधून बाहेर गेलो.

"आप्पा, हा भाग पाण्याखाली असतो," मी एकदा वैतागून म्हणालो. "कोण बघायला जातंय तो गुळगुळीत आहे का?"

"पाण्याला दिसतंय ना," आप्पा म्हणाले आणि घासत राहिले.

त्यांचं दुसरं लाडकं वाक्य आहे, "डॉकात आसं चालत नव्हतं." हे वाक्य ते कुठंही म्हणतात. माझ्या मुलीच्या लग्नात मांडववाल्यानं खांबाला दोरी बांधली, तर आप्पांनी वऱ्हाडासमोर ती सोडली आणि पुन्हा बांधली. का, तर डॉकात असली गाठ चालत नव्हती. मी घर रंगवून घेतलं तेव्हा त्यांनी नखानं भिंत खरवडली, पोपडा काढला, माझ्या हातावर ठेवला आणि निघून गेले. या माणसाचं करायचं काय?

बोट पाण्यात जाते ती भादव्यातल्या पोळ्याला. गाव बैल धुतं, शिंगं रंगवतं. आप्पांकडे बैल नाहीत, म्हणून ते बोट रंगवतात. पण बोट चालवायला एक अट आहे आणि ती आप्पांच्या बायकोची, सुशीलावहिनींची. पहिल्या वर्षी फुगवट्याच्या काठावर, चारचौघांत, त्यांनी ती घातली.

"मला हितं बसून दिसंल तेवढ्यातच फिरवायची. दिसंनाशी झाली की त्या दिशी बोट चुलीत. हे मुंबईला, मी हितं. निम्मा जन्म हा माणूस डोळ्याआड ऱ्हायला. आता न्हाई."

आप्पा कधी कुणाचं ऐकत नाहीत, पण ती अट त्यांनी मान खाली घालून ऐकली. तेव्हापासून रोज दुपारी चारला वहिनी काठावरच्या करंजाखाली लोखंडी खुर्चीवर बसतात. आप्पा शीड सोडून काठावरच्या पाणी उपसायच्या पंपापर्यंत जातात आणि परत येतात. एवढंच. एवढ्यासाठी माझा ट्रॅक्टर भिजतो.

माझा खरा राग मात्र रंगावर. पहिल्या वर्षी बोट पांढरी होती. शोभायची. दुसऱ्या वर्षी आभाळी केली, तीही मी चालवून घेतली. मग पोपटी झाली. मग हळदीसारखी पिवळी. आणि यंदा आप्पांनी असा नारिंगी रंग काढला, की रस्त्याच्या कामावर आडवी पिंपं ठेवतात ती बरी दिसावीत. शेडला लागून गोठा आहे. पहिल्याच दिवशी आमच्या म्हशीनं पान्हा चोरला.

"आप्पा, काय हा रंग! वयाची तरी लाज धरा."

"तुम्हाला नेसायचाय का?" आप्पा कडाडले. "औंदा ह्योच. ह्याच्यापक्षी भडक दुकानदाराकडं नव्हता."

त्याहून भडक मिळाला असता तर तो लावला असता, हे वर तोंडानं सांगत होते. माझं डोकं फिरलं. त्यात पोळ्याच्या सकाळी ते पुन्हा दारात आले.

"कंट्रोलर, तुमच्या बैलांची घुंगूरमाळ द्या. डोलकाठीला बांधायचीय."

ही माळ आमच्या शेवटच्या जोडीची. बैल विकून काळ लोटला, पण पोळ्याला मी ती खुंटीवरून काढतो, चिंचेनं घासतो, उंबऱ्यावर ठेवून हळदकुंकू वाहतो आणि परत टांगतो. माझ्याही काही गोष्टी आहेत.

"बोटीला घुंगरं?" मी म्हणालो. "उद्या झूल मागाल. परवा म्हणाल, पुरणपोळी चारा."

"झूल नको. माळंचं तेवढं बगा."

"पण कशाला?"

"डॉकात..." आप्पा म्हणाले आणि थांबले. ते वाक्य त्यांनी अर्ध्यात सोडलेलं मी प्रथमच ऐकलं. पण मी भडकलेलो होतो. नाही म्हणालो, आणि ते गेले.

दुपारी ट्रॅक्टरनं बोट काठावर नेली, कारण ते काम माझ्याशिवाय कोण करणार? आप्पांनी शीड सोडलं. वारं बरं होतं. मी रागातच वहिनींच्या शेजारी दगडावर बसलो.

"लई झाक रंग लावलाय औंदा," वहिनी म्हणाल्या. "बगा कशी चाललीया पंपाकडं."

मी पंपाकडं पाहिलं. तिथं एक बगळा होता. बोट पार डावीकडं, बुडालेल्या बाभळींपाशी होती. नारिंगी, भयंकर, आंधळ्यालाही दिसेल अशी. हे शेवटचं माझ्या मनात आलं आणि मी चरकलो. वहिनींना शुगर आहे हे मला माहीत होतं. डोळ्यांपर्यंत गेली आहे, हे माहीत नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "पंपाकडंच."

वहिनींना माझ्या आवाजावरून कळलं. त्या पंपाकडं बघतच हळू म्हणाल्या, "त्यास्नी बोलू नका, भावजी. बोट कडंला लावून टाकतील. तेवढंच एक सुख हाय त्यांचं."

अर्ध्या तासानं आप्पा परत आले. वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "दिसत होती की. पार पंपापातूर."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी आप्पांकडं पाहिलं. ते पंपाच्या बाजूला फिरकलेही नव्हते.

"व्हय," आप्पा म्हणाले. "पंपापातूर गेल्तो."

पांढरा, आभाळी, पोपटी, पिवळा, नारिंगी. मी ट्रॅक्टरवर बसून घरी आलो आणि मला माझाच संताप आला. शेजारी राहून इतकी वर्षं मी फक्त माझ्या शेडची जागा मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी माळ घेऊन मी काठावर गेलो. चेहरा शक्य तेवढा रागीट ठेवला. "पॉलिश पेपर लावायचा नाही हिला," एवढं बजावलं आणि स्वतः डोलकाठीला बांधली. आप्पांनी गाठ ओढून पाहिली, म्हणाले, "ही गाठ? डॉकात आसं चालत नव्हतं," आणि सोडून पुन्हा बांधली.

बोट निघाली. हलली की वाजायची, वाजली की आमचे बैल वेशीतून येताहेत असं वाटायचं. वहिनी सवयीनं पंपाकडं तोंड करून बसल्या होत्या. मग त्यांची मान हळूहळू वळायला लागली. खुर्चीही त्यांनी थोडी सरकवून घेतली.

"भावजी," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "आज बाभळीकडनं घेतलीया त्यांनी. दिसतीया बगा."

बोट बाभळींपाशीच होती. रंग मात्र भयंकर आहे, हे माझं मत कायम आहे.