गायधनी डॉक्टरांची बिनऔषधाची गोळी

ज्या डॉक्टरला ‘मला माहीत नाही’ असं म्हणायची सवय असते, त्याच्या दवाखान्याबाहेर चपला कमी दिसतात. नाशिकरोडच्या एका धर्मादाय इस्पितळातले डॉक्टर गायधनी या सवयीपायी आधीच बदनाम होते. त्यात एक्याऐंशी साली त्यांनी सांधेदुखीच्या एका नव्या औषधाची चाचणी अंगावर घेतली, आणि उरल्यासुरल्या चपलाही गेल्या.

चाचणीसाठी माणसं हवीत म्हणून त्यांनी रुग्णांना व्हरांड्यात जमवलं. नसबंदीच्या मोहिमेला फार वर्षं लोटली नव्हती, त्यामुळे गुडघे दाखवायला आलेले पुरुष धोतराची गाठ घट्ट धरून बसले होते. डॉक्टरांनी सांगितलं की औषध लागू पडेलच असं नाही. पोटात आग पडेल, अंगावर पुरळ उठेल, किंवा काहीच होणार नाही. शिवाय निम्म्यांनाच औषधाची गोळी मिळेल; बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण बिनऔषधाची. दुखणं वाढलं तर नेहमीचं औषध सगळ्यांनाच मिळेल. (खोटं बोलून फसवणारे लोकांच्या ओळखीचे होते. खरं बोलून घाबरवणारा नवीन होता.)

एकलहऱ्याच्या सगुणाबाईंनी यावर बिनतोड विचार केला. “मंग मला ती बिनऔषधाचीच द्या. तिच्यात धोका नाय.”

ताबडतोब सगळ्यांनी तीच मागितली. कुणाला कोणती गोळी गेली हे आपल्यालाही कळणार नाही, पुड्या मुंबईहूनच आकडे घालून येतात, असा खुलासा डॉक्टरांनी केला. आपल्या हातातली गोळी कशाची हे डॉक्टरलाच ठाऊक नाही म्हटल्यावर सभा पांगली. चहा मात्र सगळे घेऊन गेले.

मागे राहिल्या मालनबाई, आणि त्या उठेनात म्हणून त्यांचा नवरा कारभारी. तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला होता. मालनबाईंची बोटं सुजून वाकडी झाली होती. भाकरी कारभारीच थापायचा, आणि तिच्या कडांमध्ये पेठ-सुरगाण्यासकट सगळ्या जिल्ह्याचा नकाशा ओळखू यायचा. त्याचं दोघांना हसू तरी यायचं. पण सकाळी चोळीच्या गुंड्याही तोच लावून द्यायचा, आणि तेवढा वेळ मालनबाई भिंतीकडे बघत उभ्या राहायच्या.

“मधीच सोडलं तर रागावशाल का?” त्यांनी विचारलं.

“नाही. उपचार चालूच राहतील. कारणसुद्धा सांगू नका,” डॉक्टर म्हणाले.

कारभारीने बायकोला बाजूला घेतलं. प्रयोग नाटकाचा असतो, तोही तिकीट काढून बघायचा. घरच्या बाईमाणसावर कसला प्रयोग, असं त्याचं म्हणणं.

मालनबाई म्हणाल्या, “ज्यांना समदं ठाऊक होतं, त्यांच्याकडं जाऊन आले मी. आता ज्याला ठाऊक नाय, त्याच्याकडं जाऊन बघते.”

कारभारीने अट घातली, पहिली गोळी आपण खाणार. त्याचे सांधे ठणठणीत असल्याने ती नामंजूर झाली. मग तो प्रत्येक खेपेला सोबत यायचा आणि डॉक्टर पळून जाण्याची शक्यता गृहीत धरून दाराशी बसायचा.

काही आठवड्यांनी मालनबाईंच्या अंगावर पुरळ उठलं. औषध बिघडवलं म्हणून आपल्यालाच बोलणी बसतील या भीतीने त्यांनी ते पदराखाली झाकलं. शेवटी खाज सोसेना, तेव्हा दाखवलं. डॉक्टरांनी गोळी तिथल्या तिथे बंद केली आणि त्यांचे आभार मानले. (इस्पितळात रुग्णाचे आभार मानण्याची पद्धत नव्हती. कंपाउंडर गडबडून उभा राहिला.)

चाचणी संपली तेव्हा डॉक्टर स्वतः एकलहऱ्याला घरी आले. मालनबाईंची गोळी औषधाचीच होती, पण औषध कुचकामी निघालं, आणि पुरळ बऱ्याच जणांना आलं होतं. मालनबाईंनी एवढंच विचारलं:

“म्हंजी आता हे कुनालाच देनार नाय?”

“नाही.”

“मंग मी खाल्लं ते वाया नाय गेलं.”

त्या दिवशी कारभारीने डॉक्टरांना प्रथमच बसा म्हटलं. पुढे जुन्याच औषधावर आणि हातांच्या व्यायामावर मालनबाई बऱ्याचशा सकाळी आपल्या गुंड्या आपण लावू लागल्या.

गावाने यातून योग्य तो बोध घेतला. डॉक्टरचं औषध नापास झालं आणि तो हे आपल्या तोंडाने सांगत हिंडतो, म्हटल्यावर उरलेले रुग्णही त्र्यंबक रस्त्यावरच्या मोतीरामबुवांकडे गेले. बुवांची काळी गोळी कधीच नापास होत नसे, कारण तिची परीक्षाच कुणी घेत नसे. ती कशाची, असं विचारणं उद्धटपणाचं मानलं जाई. सगुणाबाईंचे गुडघे आठवड्यात शांत झाले, आणि काही महिन्यांत चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा भरला. तब्येत सुधारली, असं सगळे म्हणाले. पुढच्या वर्षी ओट्यावरून नुसत्या उतरताना त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. (स्टेरॉइडने दुखणं थांबतं, चेहरा सुजतो आणि हाडं ठिसूळ होतात; पण गोळी कशाची, हे विचारायचं नव्हतं.) बुवांनी शनीकडे बोट दाखवलं, आणि ते सगुणाबाईंना पटलं.

सगुणाबाईंना हसून झालं असेल तर घरातला औषधांचा डबा एकदा उघडून बघा. मेव्हण्याला गुण आला म्हणून तुम्ही घेतलेल्या त्या पिवळ्या गोळ्यांतल्या दोन-चार अजून तळाशी असतील. त्या कशाच्या, हे तुम्ही त्याला विचारलं नव्हतं. आणि देताना त्याने धोके नीट समजावून सांगितले असते, तर तुम्ही त्या घेतल्याच नसत्या.