येळामावस्येस रूळवाट मोकळी केल्याची हकीकत

सोलापूर मुलखी, तळ्याकाठच्या सिद्धरामेश्वर महाराजांचे कृपेने, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष वद्य अमावास्या, लोकबोलीत येळामावस्या, ते दिवशी कुंभारीनजीक रूळवाटेवर थोर युद्ध जाहले. त्यात तलवार निघाली नाही, परंतु कमरेचे पट्टे सैल करावे लागले. पुढील पिढीस ही गोष्ट थाप वाटू नये, म्हणोन साद्यंत हकीकत लिहिली असे.

पूर्वी त्या मुलखात एक छोटी आगगाडी चालत असे. ती बंद जाहली, रूळ उचलून नेले, आणि मागे खडीचा बांध दोन कोस लांब तैसाच पडून राहिला, आणि मग त्यावर मुरूम पडला, आणि मग सायकलस्वार मंडळींनी ती वाट आपला मुलूख मानिली. या मंडळींचे सरदार राजमान्य राजश्री चनबसप्पा, वय अडुसष्ट, सोलापुरातील सात रस्ता चौकातले चादरींचे दुकान लेकाचे हवाली करून मोकळे जाहलेले, एकवीस गिअरांचे सायकलीवर स्वार, पैकी गिअर तीनच ठाऊक. दर रविवारी दहा स्वारांनिशी यावे, वाटेवरील वेडी बाभूळ कोयत्याने छाटावी, दाताळ्याने काटे ओढावे, आणि मग त्या पराक्रमाचे फोटो ग्रुपवर पाठवावे, ऐसा शिरस्ता. छाटणीस एक घटका, फोटोंस दोन.

परंतु त्या वाटेची गरज खरी कोणास होती म्हणाल, तर मुक्ताबाईंस. कुंभारीच्या राहणार, सात रस्त्यानजीक एका दवाखान्यात आया, पाळी सकाळी सातची. सहा आसनी रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, आणि पुन्हा उशीर जाहला तर नाव पाळीतून काढावे, ऐसा वरिष्ठ सिस्टरबाईंचा हुकूम लेखी निघालेला. सबब मुक्ताबाईंनी पंचेचाळिसावे वर्षी सायकल शिकून घेतली आणि रूळवाटेने रोज वेळेआधी हजर होऊ लागल्या.

ऐसे सुरळीत चालले असता गनीम उठला. वाटेलगतचे शेतकरी कल्लप्पा यांनी ज्वारी पेरली, आणि शेरडे पिकात शिरतात म्हणोन बाभळीच्या फांद्या ऐन वाटेवर आडव्या रचून नाकेबंदी केली. मग मुक्ताबाईंस हमरस्त्याने जाणे आले. हंगाम उसाचा. एकेका ट्रॅक्टरामागे दोन दोन ट्रॉल्या, पाठीमागे तांबडा दिवा म्हणोन नाही, आणि वर कर्ण्यावर गाणे ऐसे, की सायकलीची घंटी वाजविणारासही ऐकू न यावी. एके पहाटे धुक्यात ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाने बाईंस खांद्यास रेटले आणि सायकलीसकट चरात उतरविले. कोपर सोलले, चाक वाकून आठाचा आकडा जाहला. ट्रॉलीचे पाठीवर रंगविलेला मोर तेवढा धुक्यात जाताना दिसला.

घरी यजमान हणमंतराव, बाजार समितीत हमाल, स्वभावे प्रेमळ, परंतु प्रेम दरडावून करणारे. त्यांनी फर्मान काढिले, "येळामावस्येपातूर काय ते बघ. पुन्यांदा त्या रस्त्याला सायकल दिसली तर विकून टाकीन."

मुक्ताबाई उत्तरल्या, "विका की. पण मग रोज सकाळी मला पाठीवर घिऊन जावा. तुमाला पोत्यांची सवय हाय."

हणमंतरावांचे फर्मान मात्र कायम राहिले. तेव्हा बाईंनी रविवारी रूळवाट गाठून सरदारांस गाऱ्हाणे घातले, "अण्णा, फोटो लई झालं. आता वाट तेवढी उघडून द्या की."

हा बोल चनबसप्पांचे जिव्हारी लागला. प्रथम अर्ज दिले. एका कचेरीने जमीन दुसरीची म्हणोन सांगितले, दुसरीने तिसरीची, आणि तिसरीने पहिलीचा पत्ता नीट लिहून दिला. मग मसलत बसली. सरदारांनी तजवीज मांडली की येळामावस्येस कल्लप्पा गोतावळ्यासह शेतात जेवणात गुंतलेला असेल, माध्यान्ही सुस्तावेल, तेच समयी छापा घालून काटे उचलावे. मसलत सर्वांस पसंत पडली. फक्त सरदारांचे कुटुंब कमलम्मा चहा देता देता म्हणाल्या, "अहो, येळामावस्येला कुणाच्या बांधावर जाऊन उपाशी परत आलंय का कोण?" यावर सरदारांनी लढाईचे कामी घरच्यांनी बोलू नये ऐसा ठराव केला आणि चहात साखर कमी असल्याची नोंद घेतली.

नेमले दिवशी दहा स्वार, अकरावे सरदार आणि बारावी मुक्ताबाई, चाक ठोकून सरळ केलेली सायकल घेऊन, ऐसी फौज निघाली. शिरस्त्राणे पिवळी, फुललेल्या सूर्यफुलाच्या शेतासारखी दुरून दिसणारी. फौज दबक्या पावलाने काट्यांपाशी पोचली, सरदारांनी कोयता उगारिला, तोच कडब्याच्या खोपीतून कल्लप्पांच्या मातोश्री गौरम्मा, वय ऐंशी, हात हलवीत बाहेर आल्या आणि कानडीत आज्ञापिले, "बर्री, ऊटा माड्री." म्हणजे या, जेवा.

त्या मुलखीचा दस्तूर ऐसा, की येळामावस्येस बांधावर आलेला माणूस उपाशी परत गेला तर काळी आई रुसते. चनबसप्पा याच दस्तुरात लहानाचे थोर जाहलेले. त्यांचा हात वरचे वर राहिला, आणि मग हळूच पाठीमागे गेला.

कल्लप्पांनी ते पाहिले. "अण्णा, जेवायला कोयता घिऊन आलाव व्हय?"

"ऊस सोलायला," सरदार बोलिले.

"या की. दात हाईत न्हवं अजून?"

मग पंगत बसली आणि युद्धास तोंड लागले. पहिल्या हल्ल्यास भज्जी आली, वालाच्या आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची. तिचे पाठोपाठ बाजरीचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, तीळ लावलेली कडक भाकरी, शेंगांची पोळी, आणि डाव्या बगलेने आंबील, गाडगेच्या गाडगे. तीन स्वार पहिल्याच माऱ्यात कडब्यावर आडवे जाहले. दोघांनी पट्टे सोडिले. सरदारांनी पाचवे उंड्यापर्यंत ठाणे लढविले आणि मग, "थोडं बसू या," म्हणोन तेही कामास आले. ऐसा फौजेचा संपूर्ण मोड जाहला.

एकट्या मुक्ताबाई पुढ्यातले ताट तैसेच ठेवून बसल्या होत्या. त्यांची नजर निंबाखाली उभ्या कल्लप्पांच्या उसाच्या ट्रॉलीवर होती, आणि ट्रॉलीवर मोर होता.

गौरम्मांनी विचारिले, "का गं, घास का घेत न्हाईस?"

"आज्जी, ह्या मोरानं मला चरात घातलं. मी ह्या वाटनं जात हुते, ती तुमच्या काट्यानं बंद झाली, म्हणून रस्त्याला गेले. आता उद्या सायकल बी जाणार आन् पाळी बी." बाईंनी ताट अलगद पुढे सारिले. "तुमी मायेनं वाढलंय. पण काटं हाईत तवर घास उतरायचा न्हाय. मी उपाशी जाते."

कडब्यावरील एक स्वार तेवढा घोरत राहिला.

गौरम्मा लेकाकडे वळल्या. कल्लप्पा म्हणाले, "आई, खरंच सांगतो, मला दिसलीच न्हाय."

"दिसंल कशी? गाणं लावलं की तुला बांध दिसत न्हाय, बाई काय दिसंल? ऊठ. ती उपाशी गेली तर ज्वारी तुझी तूच खा."

"आन् शेरडं?"

येथे मुक्ताबाईंनीच तोड सांगितली, की काटे वाटेला आडवे नकोत, वाटेकडेने उभे लावा. आणि ही अण्णांची मंडळी दर रविवारी बाभूळ छाटून टाकून देतात, ती तुमच्या कुंपणाला घ्या. चनबसप्पांनी पडल्या पडल्या हात वर करून संमती दिली. तहनाम्यास दुसरे कलम गौरम्मांनी घातले, की ट्रॉलीचे पाठीस चकाकणाऱ्या तांबड्या पट्ट्या लावाव्या, ऊस ट्रॉलीबाहेर लोंबू नये, आणि सायकल दिसताच गाणे बंद करून बाजूने सावकाश जावे.

मग कल्लप्पा स्वहस्ते फांद्या ओढू लागले. दोन काटे तळव्यात मोडले, ते गौरम्मांनी सुईने काढिले आणि काढताना आणखी चार गोष्टी सुनाविल्या. वाट मोकळी जाहली, आणि मग मुक्ताबाई जेवल्या, तीन भाकरी, आंबील निराळी.

दुसरे दिवशी सातास दहा कमी असता त्या दवाखान्यात हजर जाहल्या. सिस्टरबाईंनी घड्याळ पाहिले, मग त्यांस पाहिले, आणि हजेरी मांडिली. सायकल विकण्याचे फर्मान त्या रात्री आपोआप रद्द जाहले.

पुढील रविवारी हणमंतराव जातीने वाटेची पाहणी करण्यास आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, कुंपण हलवून पाहिले, आणि मग कोणी ऐकत नाही ऐसे पाहून मुक्ताबाईंस म्हणाले, "सपाट हाय की गं. मला बी शिकीव."

ते दिवशी हणमंतराव चार वेळा पडले. चारही वेळा मागून ट्रॉली आली नाही, म्हणोन धूळ झटकून पुन्हा स्वार जाहले. कुंभारीच्या मोहिमेत फत्ते जाहली ती एवढी, आणि तैसीच नोंदिली असे.