ताज्या स्थानिक कालवांचा घरगुती आस्वाद: नमुना सात-ब

पाणी स्वच्छ असणे आणि पाणी स्वच्छ असल्याचे कागदावर असणे, या दोन अवस्थांपैकी दुसरी जास्त टिकते. पहिली दर भरती-ओहोटीला बदलते. दुसरी एकदा शिक्का बसला की तीन वर्षं जागची हलत नाही. (तीन वर्षांनंतर फाइल नष्ट करता येते. पाणी तसं नष्ट करता येत नाही, हा पाण्यातला मूळ दोष आहे.) म्हणून आमच्या जलशुद्धता विभागाने फार पूर्वीच आपलं सगळं लक्ष दुसऱ्या अवस्थेवर केंद्रित केलं. त्या कामात आम्ही कधी कमी पडलो नाही, हे सांगायला मला अभिमान वाटतो.

मी या विभागात खाडीचा अधिकारी आहे. खाडीचं पाणी कालवांना योग्य आहे आणि कालवं माणसांना योग्य आहेत, असं प्रमाणपत्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्या सहीने निघतं. कालव म्हणजे खडकाला चिकटून बसणारा खडबडीत शिंपला. त्याच्या आतला मऊ जीव ताजा असेल तर कच्चाच, वर लिंबू पिळून खातात. हा जीव बसल्या जागी दिवसाला कितीतरी बादल्या पाणी गाळतो, त्यात जे काही सापडेल ते स्वतःजवळ ठेवून घेतो आणि वर कुठेही कळवत नाही. एवढ्या गुणांवर आमच्याकडे तो सहज अधीक्षक झाला असता.

नऊ वर्षांपूर्वी खाडीत एक पाइप आला. तो कुठून येतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. विभागाच्या नकाशात मात्र त्याची नोंद ‘नैसर्गिक ओघळ (गोल)’ अशी आहे. पाण्याचा नमुना आम्ही त्या ओघळाच्या बऱ्याच वरच्या अंगाला, भर भरतीत घेतो. दुसरीकडे घेतलेले नमुने प्रयोगशाळेतल्या लोकांना उगाच कामाला लावतात.

माझ्या आईने चाळीस वर्षं याच खाडीच्या खडकांवरून कालवं काढली, बाजारात बसून फोडली आणि विकली. त्यावर मी शिकलो आणि खाडीचा अधिकारी झालो. पाइप आला त्या महिन्यात ती एक दिवस रिकाम्या पाटीने परत आली, “वास येतोय,” एवढंच म्हणाली आणि छिन्नी-सुरी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. तेव्हापासून तिने एकही कालव तोंडात घातलं नव्हतं. बाहेरगावचं चालणार नाही, शिजवलेलं तर नाहीच. आपल्या खाडीतलं एक कालव, कच्चं, जायच्या आधी एकदा खायचं, एवढीच तिची हौस उरली होती.

दर महिन्याला ती विचारायची, “झालं का रे पाणी साफ?”

मी म्हणायचो, “अजून नाही, आई.”

(याच सुमाराला मी प्रमाणपत्रावरही सही करत असे. यात विसंगती शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की एक विधान तोंडी होतं आणि एक लेखी. दोघांची कधी गाठ पडलेली नव्हती.)

असं सगळं सुरळीत चालू असताना लोकांनी कालवं घेणं बंद केलं. प्रमाणपत्र बाजाराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेलं होतं. लोक ते वाचत, मान डोलवत आणि पुढच्या गाळ्यावर जाऊन बटाटे घेत. साहेबांच्या हे जिव्हारी लागलं. त्यांनी परिपत्रक काढलं: विभागातील सर्व बेचाळीस कर्मचाऱ्यांनी येत्या रविवारी ताजी स्थानिक कालवं आपापल्या घरी, सहकुटुंब तयार करावीत, त्यांचा आस्वाद घ्यावा आणि सोमवारी सकाळी अकराच्या आत नमुना सात-ब भरून द्यावा.

नमुना सात-ब हा मी आजवर पाहिलेल्या नमुन्यांतला सर्वांत समंजस नमुना आहे. त्यात खाल्लेल्या कालवांची संख्या लिहायची. मग ‘आनंद’ या सदरात तीनपैकी एका चौकटीत खूण करायची: झाला, पुष्कळ झाला, अवर्णनीय. शेवटी ‘कुटुंबातील ज्येष्ठ सदस्याचा अभिप्राय’ (सदस्याच्या मनातला, विभागाच्या भाषेत). सोबत कृतीचं पत्रकही होतं:

कालवं ओल्या फडक्यावर, खोलगट बाजू खाली ठेवून गार जागी ठेवावीत. ब्रशने घासावीत, गोड्या पाण्यात बुडवून ठेवू नयेत, मरतात. तोंड उघडं असलेल्या कालवाला टिचकी मारावी. त्याने तोंड मिटलं तर ते जिवंत व खाण्यायोग्य समजावं. टिचकी मारूनही जे तोंड मिटत नाही ते टाकून द्यावं. (ही कसोटी विभागाला नवी नव्हती. मागच्या दहा वर्षांत तिच्या आधारे तीन बदल्या झाल्या.) डाव्या हाताला जाड फडकं गुंडाळावं, आखूड सुरीचं टोक बिजागरीत घालून पिळावं, वरचं झाकण काढावं, आतलं खारं पाणी सांडू देऊ नये. जखम झाल्यास ती कर्मचाऱ्याची वैयक्तिक समजली जाईल.

ही कालवं आणायची कुठून, याबद्दल परिपत्रक काही बोलत नव्हतं. शुक्रवारी आम्ही बेचाळीस जण, एकमेकांशी एक अवाक्षर न बोलता, एकाच निष्कर्षाला पोचलो. तो निष्कर्ष म्हणजे ऑफिसच्या मागच्या फाटकापाशी थांबणारा टेम्पोवाला. तीन तासांच्या अंतरावर दुसरी खाडी आहे, तिथून तो माल आणतो. एकेचाळीस जणांनी त्याच्याकडे मागणी नोंदवली. बेचाळिसाव्याला शिंपल्यातलं काही खाल्लं की अंगावर गांधी उठतात, त्यामुळे त्याने शुक्रवारीच नमुना भरून टाकला. (अवर्णनीय.)

“तिकडचं पाणी चांगलं आहे ना हो?” मी टेम्पोवाल्याला जरा बाजूला घेऊन विचारलं.

“एकदम. तिकडच्या साहेबांची सही आहे.”

“आणि तुम्ही जाताना टेम्पो रिकामाच नेता?”

“रिकामा कशाला नेऊ? तुमची नेतो की! तिकडच्या ऑफिसातही हीच स्कीम आहे. त्या लोकांचा तुमच्या खाडीवर फार विश्वास, बरं का.”

म्हणजे प्रत्येक कालव कुठेतरी स्थानिक होतं. माझं समाधान झालं आणि मी दोन डझन सांगून टाकली.

रविवारी सकाळी मी मोरीत बसून, पत्रक नळाला टेकवून ठेवून, दुसऱ्या खाडीची स्थानिक कालवं घासत होतो. बायको लिंबं चिरत होती. तासाभरात मी एक कालव आणि एक अंगठा उघडला. आई सकाळपासून दिसत नव्हती; फिरायला गेली असेल, असं आम्ही धरून चाललो. दहाच्या सुमाराला दार वाजलं. दारात आई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, एका हातात छिन्नी आणि दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेली बादली.

“हे काय, आई?”

“आपली कालवं,” ती म्हणाली. तिचा चेहरा इतका फुलला होता की मला तिच्याकडे बघवेना. “काल हिला घेऊन बाजारात गेले होते,” हिला म्हणजे माझ्या मुलीला. “हिने भिंतीवरचा कागद वाचून दाखवला. पाणी साफ झालंय, कालवं खायला चांगली आहेत. खाली कुणाची सही, विचारलं, तर म्हणाली, बाबांची! अरे, मला सांगायचंस नाही का? म्हटलं, कामाच्या रगाड्यात विसरला असशील.”

साऱ्या गावात त्या सहीवर विश्वास ठेवणारं माणूस शोधायला विभागाने परिपत्रक काढलं होतं. ते माणूस माझ्याच घरात सापडलं.

तिने ओट्यावर माझी दोन डझन पाहिली. एक उचललं, उलटंपालटं केलं. “ही आपली नव्हेत. आपली एवढी लांबुळकी नसतात,” म्हणाली आणि ताट बाजूला सारलं. मग खाली बसली आणि स्वतःच्या सुरीने दहा मिनिटांत बारा कालवं उघडली. फडकं नाही, पत्रक नाही, थेंबभर पाणी सांडलं नाही. नऊ वर्षं माळ्यावर पडलेली सुरी तिच्या हाताला जशीच्या तशी आठवत होती. तिने एका कालवावर लिंबू पिळलं आणि शिंपला ओठांपाशी नेला.

“आई, थांब जरा.”

“का रे?”

इथे मला कबूल केलं पाहिजे की इतक्या वर्षांच्या नोकरीत मला तोंडी कारण द्यायची सवय राहिलेली नाही. मी म्हणालो, सध्या भरतीचं पाणी गढूळ असतं. ती म्हणाली, ओहोटीलाच काढलीत. मी म्हणालो, शिजवून खाऊ. ती म्हणाली, “कालव शिजवायचं होतं तर नऊ वर्षं कशाला थांबले असते?” बायको लिंबू हातात धरून माझ्याकडे बघत होती. मुलगीही बघत होती. वेळ मारून न्यायला मला तिसरं काही सुचेना.

“वासाचं काय? वास आला नाही तुला तिथे?”

“आला थोडा,” आई म्हणाली. “म्हटलं, माझंच नाक म्हातारं झालं असेल. तुझी सही आहे ना?”

“आहे.”

“मग?”

“सही माझीच आहे, आई. पाणी साफ नाही.”

माझ्या सबंध कारकिर्दीतला हा एकमेव खरा अहवाल. याला जावक क्रमांक नाही.

आईने शिंपला खाली ठेवला. हळूच ठेवला, आतलं पाणी सांडू न देता. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. 

“मला सांगितलंस,” ती म्हणाली. “पण भिंतीवर वाचणाऱ्यांना कोण सांगतं?”

मग तिने उघडलेली बारा कचऱ्यात टाकली, बादली उचलली आणि उरलेली परत खडकांवर सोडायला निघाली. जिवंत आहेत, म्हणाली, त्यांचं काय चुकलं? मी बादली धरायला पुढे झालो, तर तिने ती दुसऱ्या हातात घेतली.

सोमवारी पावणेअकराला मी नमुना सात-ब दाखल केला. खाल्लेल्या कालवांची संख्या: चोवीस. (टेम्पोवाल्याची. ती मी खाली मांजरांना घातली. मांजरं ती हुंगून निघून गेली.) आनंद: अवर्णनीय. ज्येष्ठ सदस्याच्या अभिप्रायापाशी मात्र माझं पेन अडलं. आईचे शब्द विभागाच्या भाषेत आणायला मला वीस मिनिटं लागली. शेवटी लिहिलं: ‘प्रमाणपत्राची माहिती भिंतीपुरती मर्यादित न राहता अधिकाधिक लोकांपर्यंत पोचावी, अशी ज्येष्ठ सदस्यांनी कळकळीची अपेक्षा व्यक्त केली.’

बेचाळीस अहवालांत आनंदाचं प्रमाण शंभर टक्के भरलं. (त्या आठवड्यात एकोणीस जण पोटाच्या रजेवर होते. ‘अवर्णनीय’वर खूण करणाऱ्यांची संख्याही एकोणीसच होती, संबंध तपासलेला नाही.) साहेबांना माझ्या ज्येष्ठ सदस्यांची सूचना इतकी आवडली की त्यांनी ती भर सभेत वाचून दाखवली. तेव्हापासून प्रमाणपत्र भिंतीवर लावत नाहीत. त्याची लहान प्रत कालवांच्या प्रत्येक डब्यावर चिकटवतात. आपण परवा पाहुणे येणार म्हणून जो डबा घेतलात, त्याच्या झाकणावर उजव्या कोपऱ्यात खाली बघावं. ती सही माझी आहे. आईला जे सांगितलं ते आपल्यालाही सांगायला हवं होतं, हे मला मान्य आहे, पण आपण विचारलं नाहीत.

आई आता पाणी साफ झालं का, असं विचारत नाही. त्या प्रश्नाची मला इतकी सवय होती, हे तो थांबल्यावर कळलं. पहिल्या तारखेला घरी जायचं माझ्या जिवावर येतं. तिला एक नवीनच खोड लागली आहे. ती कुठल्याही कागदाखालची सही बघते. औषधाच्या बाटलीवर, पुलाच्या पाटीवर, सगळीकडे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. परवा आमच्या लिफ्टमध्ये तिने ‘तपासणी समाधानकारक’ असा कागद पाहिला आणि नातीकडून तो वाचून घेतला.

“हा कोण?” तिने मला विचारलं. “याची आई जाते का लिफ्टने?”

 ती चारही मजले जिना चढून गेली, दर मजल्यावर गुडघे धरून थांबत. मी खाली लिफ्टपाशी उभा राहून ती सही वाचायचा प्रयत्न करत होतो. माझ्यासारखीच होती, घाईची आणि न लागणारी.

माझा डबा आपल्या घरी पोचला आहे, तेव्हा आपल्याला राग येणं साहजिक आहे. पण लिफ्ट म्हणा, पूल म्हणा, बाटली म्हणा, कशावर तरी आपलीही सही असेलच. म्हणून तक्रार करण्यापूर्वी एवढंच कळवावं: आपल्या मातोश्री लिफ्टने जातात की जिन्याने?